कोच बदलायचा कौल

अगं गाडी काय सुरू करतेस! बंद कर, बंद कर आधी — आणि ऐक माझं. आत्ता आत देवळात काय झालं माहितीये तुला? कसं माहिती असणार, तू इथे चिंचेखाली स्कूटीवर बसून रील बघतेयस — समी, यार, चपला काढायचा एवढा कंटाळा असतो का कोणाला? काढलं त्यांनी. कुंडलिकमामांना काढलं. कोण कुंडलिकमामा काय, आमचे कोच! सकाळी बघितलंस ना, मफलर गुंडाळलेले, मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारत होते — हां, तेच. मोसम अर्धा झालाय, उद्या म्हसा गावच्या जत्रेत आमचा सामना आहे, आणि आज दुपारी कोच बदलला. आज! नाही, मी शांतच आहे. हे माझं शांतच आहे. सरक जरा, बसू दे मला — पाणी आहे का? संपवलंस? बरं.

तुला मुळापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील एका कबड्डीच्या कोचसाठी एवढं काय. आमची टीम म्हणजे काय, गावातल्या पोरी — दोघी-तिघी सापगावच्या, आणि एकदोन माझ्यासारख्या, राहायला कल्याणला पण गाव हे, म्हणून शनिवार-रविवार येणाऱ्या. गेल्या वर्षी बरं चाललं होतं. या वर्षी दिवाळीपासून जे हरायला लागलोय ना — किन्हवलीला हरलो, सरळगावला हरलो, आपल्याच गावात, आपल्याच मंडपात, आपल्याच लाउडस्पीकरवर हरलो! लोणावर लोण. लोण म्हणजे आमच्या सातच्या सात आउट गं, मैदान रिकामं, आणि समोरच्या पोरी नाचतायत. आता तर कोणाला वाईटही वाटत नाही. हरलो की टेम्पोत बसतो, वडापाव खातो, झोपतो. परवा भिमी — भिमी म्हणजे आमची कॅप्टन, चढाईला तीच जाते — येताना म्हणाली, "मला ना, कुणाली, हल्ली सामना चालू झाला की घरी कधी जायचं तेवढंच दिसतं." भिमी असं म्हणाली! जिचा दात पडला होता तर तो मामांच्या हातात देऊन परत चढाईला गेलेली बाई ती. एवढ्या दमलोय आम्ही. म्हणजे अंगानं नाही — हरून हरून दमलोय.

आणि मामांचं म्हणशील तर, खोटं कशाला बोलू, चुकतंच त्यांचं. माणूस मातीतला. सगळं आयुष्य मातीवर खेळले, आणि आता सामने मॅटवर — मॅटवर पोरी वाऱ्यासारख्या येतात, आणि मामा आपले बाहेरून ओरडतायत, "साखळी सोडू नका गो! हात धरा गो!" आम्ही हात धरून उभ्या, तोवर समोरची चढाईवाली बोनसचा गुण घेऊन घरी पण गेली! काही सांगायला जावं तर म्हणणार, "मॅट आलं म्हनून मानसाचे पाय दोनाचे तीन नाय झाले."  पण येतात, हां. तिकडे मुरबाडकडच्या वैशाखऱ्याहून येतात, भाताच्या गिरणीत दिवसभर पोती उचलून, त्या फटफटीवर, थंडीत. डोक्यावर कोंडा तसाच असतो. बारकूकाका — माझे काका गं, मंडळाचे अध्यक्ष — त्यांचं म्हणणं, "येतो तर येतो, जिंकवतो कुठं? आनी मुरबाडचा मानूस आपल्या शहापूरवाल्यांना कशाला जिंकवंल?" असं तोंडावर! मामा हसले. त्यांना सवय झालीये.

तर काकांनी गेल्याच बैठकीत सांगून टाकलेलं — म्हशाला पण पहिल्या फेरीत आपटलात तर पोरींची टीम बंद, मंडळ फक्त पोरांचं. झालं, मग सुरू. एक म्हणतो कोच बदला, तर दुसरा म्हणतो, "भाताची अर्धी आवणी झाल्यावर कोन चिखल बदलतं काय रं?" कोणी म्हणतं नव्या माणसाला पोरींची नावं पाठ होईस्तोवर मोसम संपंल, तर कोणी म्हणतं मेलेलं कोंबडं आगीला काय भीतंय, बघू बदलून. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आणि नवा माणूस तयारच होता ना — सुयोग! काकांच्या साडूचा मुलगा, कल्याणला जिममध्ये शिकवतो. त्याच्या मनगटावर ते घड्याळ आहे, ठोके मोजणारं, आणि तो बोलता बोलता त्यात बघतो, स्वतःचं हृदय चालू आहे की नाही म्हणून. नाही, खेळ कळतो त्याला. मॅटवर खेळलाय. वाईट नाहीये तो.

पण मामांना असं हात वर करून काढता येत नाही, कारण ठेवताना हात वर करून ठेवलंच नव्हतं. आमच्याकडे कोच देवीच्या कौलानं ठेवतात. हसू नको! खरंच सांगते. दसऱ्याला तिला विचारायचं, यंदा पोरी कोणाच्या हातात द्यायच्या. आत तांदळा आहे ना, शेंदूर लावलेला दगड, त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला दोन फुलं पाण्यानं चिकटवायची — उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मामांच्या वेळी उजवं पडलं होतं. म्हणून आज गुरव म्हणाला, "तिनं ठेवलेला मानूस आपुन कोन काढनार? तिलाच इचारा."  

लावली फुलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं — कुंडलिकला बाजूला करायचा असंल तर उजवं दे, ठेवायचा असंल तर डावं दे, पन पोरींचं भलं कर माय. आणि बसलो सगळे. फुलं काही पडेनात. धूप जळतोय, कोणीतरी खोकतंय, काका सारखे घसा साफ करतायत, जसं काही देवी ह्यांच्या भाषणाची वाट बघतेय. आणि मामा तिथेच गं, खांबाला टेकून, स्वतःचाच निकाल बघत बसलेले. त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं. बघायचं तरी कसं? मी पुढे होते, उजवीकडे भिंतीला, भिमी माझ्या बाजूला, ओठ हलत होते तिचे. आणि मग डावं फूल सरकलं. मी बघितलं. पडलं नाही — सरकलं, देठावरनं असं लोंबायला लागलं. आता पडणार, आता पडणार. भिमीनं माझा हात एवढा दाबला की हे बघ, नखं उठलीयेत.

आणि मी पंखा लावला.

अगं लावला म्हणजे — बटण माझ्या डोक्याशीच होतं. धूर केवढा होता! डोळ्यांतून पाणी यायला लागलं माझ्या — हो, जानेवारी आहे, मला कळतं जानेवारी आहे, पण वर पत्रा, आत एवढी माणसं, तुला काय, तू झाडाखाली! हात वर गेला आणि दाबलं. भिंतीवरचा पंखा, गरागरा फिरला, आणि उजवं फूल टपकन खाली. डावं तसंच, दगडाच्या आडोशाला, लोंबत. काका ताडकन उठले — "दिलं! उजवं दिलं!" घंटा काय वाजली, नारळ काय फुटला, पंख्याकडे कोणाचं लक्षच नाही.

कोणाचं नाही कसं — मामांचं होतं. आधी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उठले, गुडघ्यावर हात देऊन, आणि सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, संपलं, आता सगळ्यांसमोर बोलणार. तर त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं. "थंडी वाजते," म्हणाले. बस. आणि वळून काकांना म्हणाले, "देवीनं सांगितलंय, माझं काय म्हननं नाय." गळ्यातली शिट्टी काढायला गेले तर दोरी मफलरमध्ये अडकली. सुटेना. सगळं गाव बघतंय आणि हा माणूस आपला मान वाकडी करून गाठ सोडवतोय. शेवटी सुयोगच म्हणाला, "असू दे मामा, माझ्याकडे आहे." आणि भिमी उठली. "मामा नाय तं मी पन नाय," एवढंच बोलली नि बाहेर. आता तिच्याशिवाय उद्या चढाईला जाणार कोण? मी? मी तर राखीव. म्हणजे — होते.

अगं ते सांगायचं राहिलंच. मामा मला दिवाळीपासून बसवूनच ठेवायचे. "शनवारी येऊन कबड्डी होत नाय गो. कल्यानवरनं पाव्हनी येते, पाव्हनी जाते." सगळ्यांसमोर! राग येणारच ना? आणि काल सुयोगनं मेसेज केला होता — मी आलो तर डावा कोपरा तुझा, म्हणजे सातात मी. सहज केला असेल! सगळ्यांनाच केला असेल. अशी बघू नकोस माझ्याकडे. त्याचा आणि पंख्याचा काही संबंध नाही. धूर होता. — एवढाही नव्हता. मला नाही माहिती, समी. हात वर गेला तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं, देवीशप्पथ — नाही, शपथ नको. आज नको.

सांगून टाक म्हणतेस, बरोबर. मलाही तेच वाटलं. धावत गेले त्यांच्या मागे, फटफटीपर्यंत. म्हटलं, "मामा, तो पंखा —" तर मला बोलूच देईनात. म्हणाले, "जाऊ दे गो. मी पन दमलो. तुमी सोडीत नव्हते नि मला सोडवत नव्हतं." आता याचा अर्थ काय घ्यायचा? खरंच सुटले ते? की माझी लाज राखली? चेहरा तर सुटल्यासारखा वाटला गं, पाठीवरनं पोतं उतरल्यासारखा. पण किक मारून, गाडी सुरू करून, तसेच उभे राहिले, मैदानाकडे बघत. इंजिन चालू. किती वेळ! मग गेले. म्हणजे सांगितलं तर या दमलेल्या माणसाला परत ओढून आणायचं — काका आधी माझं काय करतील ते वेगळंच, देवीच्या कौलात हात घातला म्हणून आईला पण गावात उभं करणार नाहीत. आणि नाही सांगितलं तर भिमी येत नाही, भिमी आली नाही तर उद्या आम्ही हरलो, हरलो की टीमच बंद. आणि कधी कधी वाटतं, देवीनंच नसेल का माझा हात वर — नाही. हे मी माझं मला पटवतेय. डावं लोंबत होतं. मी बघितलंय.

थांब. ऐक, ऐक — आत सुयोग उद्याच्या सातजणींची नावं घेतोय. भिमीचं पण घेतलं वेड्यानं, ती तिकडे देवळाच्या पायऱ्यांवर पाठ करून बसलीये. — घेतलं. माझं घेतलं. डावा कोपरा. टाळ्या वाजवतायत बघ. काका हाक मारतायत मला. आले हो काका, आले! — समी, बोल ना काहीतरी, ठेव तो मोबाइल. या पायऱ्या चढताना एकतर मी भिमीजवळ थांबते, पंख्याचं सांगते, नाहीतर नाही थांबत. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?