दिलेली लेक

(बिबवेवाडीतली भाड्याची खोली. रविवारची दुपार. दारात नम्रताचे वडील, बद्रीनाथ.)

नम्रता: बाबा, बसा ना. किती वेळ दारात उभे राहणार?

बद्रीनाथ: बसायला नाही आलो. निरोप घेऊन आलोय. दादाचा, तुझ्या काकांचा.

नम्रता: त्यांच्या अभिनवच्या लग्नाचा?

बद्रीनाथ: हो. ये म्हणतात. करवली म्हणून मिरव म्हणतात. फक्त आधी गुरुजींकडून शुद्धी करून घ्यायची, आणि चर्च सोडलं असं चार माणसांत सांगायचं.

नम्रता: आणि नाही सांगितलं तर?

बद्रीनाथ: तर कसब्यातल्या घराची पायरी चढायची नाही. लग्नापुरतं नाही. कायमचं.

नम्रता: तुम्ही काय म्हणालात?

बद्रीनाथ: मी काय म्हणणार? तुझी आई गेल्यापासून दादाच्याच पंगतीला जेवतो मी. नमे, एक वाक्य तर बोलायचंय. मनात काय ठेवायचं ते ठेव. मन बघायला कोण येतंय?

नम्रता: तेच वाक्य नाही जमायचं, बाबा.

बद्रीनाथ: पिढ्यान् पिढ्या तांब्याची भांडी घडवली आपल्या घराण्यानं. कुळ आहे, कुळदैवत आहे. सगळ्यावर पाणी सोडलंस.

नम्रता: पाणी तुम्ही सोडलंत. कन्यादानाच्या वेळी.

बद्रीनाथ: ती रीत असते.

नम्रता: रीतच. गोत्र बदललं, आडनाव बदललं. मग मूल होत नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं. बॅग घेऊन दारात उभी होते, तेव्हा काका काय म्हणाले?

बद्रीनाथ: जुनं कशाला काढतेस आता?

नम्रता: ‘दिलेली लेक. ती आता आपल्या घराण्यातली नाही.’ नवरात्रात कुळाचाराला सगळ्यांना देवघरात बोलावलं. मला म्हणाले, तू पुरण वाट. दोन घराणी होती बाबा मला, आणि मी कुणाचीच नव्हते.

बद्रीनाथ: म्हणून त्या लोकांनी ओढून नेलं.

नम्रता: कुणी नाही ओढलं. कामावरच्या सत्यशीलाताई दर रविवारी जायच्या. मीच विचारलं, येऊ का? शेवटच्या बाकावर बसले होते. पाळक सांगत होते, देव माणसाला नावानं हाक मारतो. कुणाची मुलगी, कुणाची बायको, हे विचारत नाही. ऐकून इतकं रडले की सत्यशीलाताई घाबरल्या.

बद्रीनाथ: आता तिथे सोयरेधायरे झाले असतील पुष्कळ.

नम्रता: नाही हो. बहुतेकांची आजी-पणजीपासूनची ओळख. नाताळला एकमेकांकडे जातात. मी घरी येऊन खिचडी लावते.

बद्रीनाथ: मग मिळालं काय तुला?

नम्रता: ती खिचडी खाताना मी कुणाची आहे ते ठाऊक असतं.

बद्रीनाथ: एकटेपण गेलं का?

नम्रता: नाही गेलं. कधी कधी भिंतीशी बोलते.

बद्रीनाथ: ... मीही बोलतो. तुझ्या आईच्या फोटोशी. दादा हसतो.

नम्रता: पाणी घ्या.

बद्रीनाथ: दे. उद्या मी गेलो, तर तुला दारातही उभं करणार नाहीत. कळतंय ना?

नम्रता: कळतंय. म्हणून म्हणते, आहात तोवर येत जा.

बद्रीनाथ: आलो की दादाला कळतं. आमच्या गल्लीत शिंकलं तरी कळतं. काय सांगू त्याला?

नम्रता: ती येणार नाही म्हणा. आणि अभिनवला सांगा, त्याच्यासाठी प्रार्थना करते.

बद्रीनाथ: ते नाही सांगता यायचं.

नम्रता: बरं. नका सांगू. चला, स्टॉपपर्यंत येते.

बद्रीनाथ: नको. कुणी बघेल.

नम्रता: मग पोचल्यावर फोन करा.

बद्रीनाथ: सगळे असतात समोर. बोलता नाही येत.

नम्रता: नुसती रिंग द्या.

बद्रीनाथ: देतो. पण उचलू नकोस हं.

नम्रता: नाही उचलत. वाजू देईन.