वेणी वाचवणारा फिल्टर

माझ्या वेणीची उंदराची शेपटी झालीय, ते तुम्हाला दिसतंयच. आपल्या सोलापूरच्या पाण्यातल्या क्लोरीननंच केस गळत असणार, असं मोबाइलवर वाचून मी ठरवलं आणि शॉवरला लावायचा फिल्टर मागवला. शेवटची आशा हो ती! प्लंबरमामांनी तो बसवला आणि विचारलं, "ताई, नळाला पाणी कधी येतंय?"

"पाचव्या दिवशी."

"मंग टाकीत चार दिवस पडून ऱ्हातंय की. क्लोरीन तवाच उडून जातोय."

माझं अवसानच गळालं. "मग माझे केस कशानं गळतात, मामा?"

मामांनी टोपी काढली. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"त्ये ठावं असतं, तर म्या टोपी घातली असती व्हय?"