साक्षीतलं हसू

(रुग्णालयाची लाँड्री. आई आणि वकीलबाई एक ओली चादर दोन टोकांना धरून उभ्या.)

वकीलबाई : ...तर आज सकाळी अकराला त्याचं अपील कोर्टानं दाखल करून घेतलं.

आई : म्हणजे सुटला मास्तर?

वकीलबाई : नाही, ताई. जामीनही नाकारला. आतच आहे.

आई : मग ताणा जरा. सुरकुती राहिली तर सुपरवायझर माझी उलटतपासणी घेतो.

वकीलबाई : घ्या, ताणली. एक विचारायचंय. खालच्या कोर्टात मी नव्हते, नुसते कागद वाचलेत. लेकीच्या साक्षीत एके ठिकाणी लिहिलंय, ‘साक्षीदार हसली.’

आई : हसली?

वकीलबाई : तेवढंच. त्याच्या वकिलाची सगळी भिस्त त्यावर. म्हणतो, शिकवणीत खरंच अत्याचार झाला असता तर पोर हसली असती का?

आई : मला कसं माहीत असणार? मीही साक्षीदार, म्हणून दाराबाहेर बसवलेलं. ...खरंच हसली ती?

वकीलबाई : ताई, तुम्हीसुद्धा?

आई : छे हो. जीभ झडो माझी.

वकीलबाई : तिला एकदा विचारू?

आई : नाही. निकाल लागला तेव्हा सांगितलंय तिला, आता तुला कुणी काही विचारणार नाही. आत्ता कुठे दिवा मालवून झोपायला लागलीय.

वकीलबाई : तिला परत कोर्टात बोलावणार नाहीत. अपिलात कागदच वाचतात.

आई : मग कागदालाच विचारा!

मुलगी : आई, दप्तर कुठे ठेवू?

आई : अगं बाई! कधी आलीस?

मुलगी : मघाशीच. चादरीमुळे दिसले नाही तुम्हाला. मी सांगू?

आई : नको, बाळा. तुला कुणी विचारलेलं नाही.

मुलगी : म्हणून तर सांगतेय. मी बोलायला लागले की सगळ्यांची तोंडं उतरायची. त्या टाइप करणाऱ्या मावशी तर रडकुंडीलाच आल्या होत्या. मला वाटलं, माझ्यामुळेच. मग हसले थोडं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

आई : ...ये इकडे. ...वकीलबाई, हे लिहून घ्या ना.

वकीलबाई : आता नवीन साक्ष सहसा घेत नाहीत, ताई. लहान मूल घाबरूनही हसतं, एवढं मी म्हणेन. जीव तोडून म्हणेन.

आई : आणि पटलं नाही तर?

वकीलबाई : सोमवारी सुनावणी आहे. दोन न्यायाधीश आहेत. दोघांनीही तिला पाहिलेलं नाही.