कांडप कुठं न्यायचं

काय सांगू तुमाला, माझं माहेर घोडेगावच्या अलीकडचं, वस्तीवरचं, आन बाप माझा बाजारात दावी-कासरे विकायचा, म्होरक्या, घुंगरमाळा, बैलाच्या अंगावर जे जे म्हनून चढवत्यात ते समदं, आन बाजाराच्या दिवशी तिथं जनावरं हंबरत्यात, दलाल बोंबलत्यात, धुराळा नुसता, त्यात बाप मला पुढं उभी करायचा आन म्हनायचा, मंदे, वरड. म्हनून आवाज असा हाय माझा. लोक म्हनत्यात मंदाबाई भांडते. आवो भांडत न्हाई मी, बोलते. पुढचा जल्म सगळा मशीनशेजारी गेला, तिथं हळू बोलून कुनाला ऐकू जायचं?

लगीन करून नगरात आले तवा हे कंपनीत हुते. बरं चाललं हुतं. मग कंपनीला कुलूप लागलं आन हे घरी बसले, आन आमचे हे बसले म्हंजी नुसते बसले, पत्र्याकडं बघत. मी म्हनायची आवो काईतरी करा, तर म्हनायचे बघू. ह्यांच्या बघू म्हनन्यात निम्मं आयुष्य गेलं माझं. आन एक दिवस मला न इचारता, न सांगता, टेम्पोतनं कांडपाचं मशीन उतरवलं दारात. मिरची कांडायचं, आता सगळ्यांना ठाव हाय, लोखंडाची मुसळं, खाली उखळं, पट्ट्यावर चालतंय, धप धप धप. मी म्हनलं ही कसली बला आनली? हे म्हनले, तू चालवशील. घ्या! कंपनी ह्यांची बंद पडली आन नोकरी मला लागली.

तवा आमची गल्ली म्हंजी गल्ली नव्हतीच. बाभळी हुत्या, एक गोठा हुता, आन आमचं पत्र्याचं घर. मुसळं पडली की गोठ्यातल्या म्हशी तेवढ्या कान हलवायच्या. दुसरं कोन बोलनार? मग एकेक प्लॉट पडले, बंगले झाले, सिमेंटचा रस्ता आला, आन ह्या सगळ्या बंगल्यांतल्या बाया माझ्याच दारात मिरच्या घेऊन यायला लागल्या. उन्हं तापली की सुरू. बेडगी, लवंगी, देठं खुडलेल्या, वाळवून कडक केलेल्या, धने, खोबरं, दगडफूल तेलात भाजून घमघमाट सुटलेला, कुनाचं लाल तिखट, कुनाचा काळा मसाला, कुनाचा आमटीला लावायचा येसूर. लई चांगले दिवस आले हुते, खोटं कशाला बोलू.

मग सर आले राहायला, माझ्या भिंतीला भिंत. शाळेतनं रिटायर झालेले, देवमानूस, पर बाईंना त्यांच्या दमा. आता मिरचीचा खकाना काय भिंत बघून थांबतोय का? शिंकत्यात बिचारे. पैल्यांदा आले, हात जोडले, म्हणाले मंदाबाई, तुम्ही राहा, पण हे यंत्र हलवा, हिला त्रास होतो. मी म्हनलं सर, मी आधी आले का तुमी आधी? ते म्हणाले तुम्ही आधी. मग? तर म्हणाले, पण हवा दोघांची आहे ना. आता ह्याला काय बोलावं? रागच येत न्हाई त्या मानसाचा, तीच अडचन हाय. त्यांनी रीतसर तक्रार दिली. आन तक्रार द्यायच्या आधी मला वाचून दाखवली, काही चुकीचं लिहिलंय का बघा म्हणे!

तर म्हापालिकेचे साहेब आले, दारावर कागद चिकटवला. हा रहिवासी पट्टा आहे, इथं कांडप चालायचं नाही. मी म्हनलं बरं, मग कुठं चालायचं ते सांगा. तर म्हनले, औद्योगिक पट्ट्यात. कुठं हाय तो? तर म्हनले, लहान धंद्यांसाठी अजून शहरात केलेला नाही. आता बोला! इथं बंद कर आन जिथं जायचं ती जागाच न्हाई. तरी साहेब बरे हुते, जाता जाता हळूच म्हनले, जागा नाही तोपर्यंत आम्ही तरी काय करणार, चालू द्या. तवापासनं दर वर्षी कागद चिकटतोय आन दर वर्षी कांडप चालतंय.

आमच्या मागल्या गल्लीत बशीर हाय, वेल्डिंगवाला. ग्रिलं, जिने, शटरं करतो. त्याला भी तोच कागद. त्याच्या ठिनग्या रस्त्यावर उडत्यात, शाळेची पोरं त्याच्याकडं बघत थांबत्यात, आयांचा जीव खालीवर. तो म्हनला मौसी, आपुन जागाच मागू, बायपासकडच्या माळाला, तिथला शेतीचा पट्टा काढून लहान धंद्यांचा करा म्हनू. मला पटलं. पर अर्ज लिवायचा कुनी? तर आमच्या सरांनी! ज्यांनी तक्रार लिवली त्यांनीच अर्ज लिवला, तेच अक्षर, तोच पेन. म्हणाले मंदाबाई, यात तुमचं भलं आणि माझंही भलं. आन सगळ्यात वर सही माझी. बशीर म्हनला मौसी, तुमी मोठ्या, तुमचं नाव पैलं.

आन मग सुरू झालं बघा ते चर्चेचं गुऱ्हाळ. अर्ज ह्या टेबलावरनं त्या टेबलावर. कोन म्हनतंय करा, कोन म्हनतंय शहर वाढतंय तिकडं, बंगले होऊ द्या. माळावरचे शेतकरी म्हनत्यात आमच्या कांद्याशेजारी आवाज नको, त्यातलेच निम्मे म्हनत्यात करा करा, जमिनीला भाव येईल, आन एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंनी भांडत्यात. सभा झाली की पुढची सभा. मला तर वीट आला हुता.

म्हनून मीच उतावळेपना केला. बायपासला एकानं पत्र्याचं शेड बांधलं हुतं, म्हनला घ्या भाड्यानं, पट्टा तर बदलनारच हाय. ह्यांना इचारलं तर बघू. मी म्हनलं तुमी बघत बसा, मी चालले. मशीन टेम्पोत घातलं. सर स्वतः उभे हुते, टेम्पोच्या चाकाला नारळ फोडला त्यांनी, इतके खूश. बाई तेवढ्या फाटकात गप उभ्या हुत्या, मला वाटलं उन्हानं.

सीझन लागला. मी त्या शेडात बसलेली. मुसळं तेल घालून तयार. एक बाई येईना. एकसुद्धा न्हाई! काय झालं असंल, तुमीच सांगा. आवो, मी एवढी वर्षं ह्या धंद्यात, आन मला हे सुचू नये? कांडपाला बाई एकटी मिरच्या टाकून जात न्हाई वो. ती बसती. आपल्या उखळापाशी पाट टाकून, पदर नाकाला लावून, मुसळ उचललं की हात घालून सारती, चाळनीनं चाळती, चाळ राहिला की परत टाकती, तिखट किती बारीक पायजे ते चिमटीत धरून बघती. तिची बेडगी दुसरीच्या लवंगीत जाऊ नये, लसून न खानारीच्या उखळात लसनाचा वास नको, एक ना दोन. वर्षाचा मसाला हाय तो, घरातल्या सगळ्या पोटात जायचा. आन ती येती कवा? पोरं शाळेत गेली, धुनं झालं, सैपाक झाकला, त्या मधल्या येळात, पायी. बायपासला कशी येनार ती? रिक्षा करून, ट्रकांतनं वाट काढत, दोन तास बसून? आन घरी सासू इचारनार कुठं गेलती.

मी घरोघर गेले. म्हनलं पिशव्या द्या, मी कांडते, घरपोच आनते, माझ्यावर इस्वास न्हाई का? समद्या म्हनल्या, छे गं मंदामावशी, तुझ्यावर न्हाई तर कुनावर? आन पिशवी एकीनं दिली न्हाई! म्हनल्या, तसं न्हाई गं, पर डोळ्यापुढं झालेलं बरं. लई लागलं मला ते. घरी येऊन रडले. मी काय कुनाच्या मिरच्या चोरते का? मग हे म्हनले, तू देशील का तुझा मसाला दुसरीकडं टाकून? मी म्हनलं, मी? माझा? मरो, कवा न्हाई ते हे बरोबर बोलले.

आन सरांच्या बाई! त्यांना मी म्हनलं, बाई, तुमचा तर दमा, तुमी कशाला, द्या माझ्याकडं पिशवी. तर म्हणाल्या नको गं, तू परत ये, मी कडेला बसते. आता ह्यांच्यासाठी मशीन हलवलं, आन ह्याच म्हनत्यात परत ये! सर तिथंच पेपर वाचत बसलेले. मी सरांकडं बघितलं. सरांनी पेपर वर केला.

वरनं त्या शेडावर भी कागद लागला. हा शेती पट्टा आहे, इथं यंत्र चालायचं नाही. मी कपाळाला हात लावला. गल्लीत मानसं राहत्यात म्हनून न्हाई, माळावर मानसं राहत न्हाईत म्हनून न्हाई. मग काय डोक्यावर घेऊन फिरू का मुसळं? निम्मा सीझन बुडाला तवा आनलं परत घरी. टेम्पो गल्लीत शिरला तर बाया पिशव्या घेऊन दारात उभ्या, जशी मी तीर्थाहून आले.

आता ऐका, खरी गंमत पुढं हाय. आता सुनावनीची तारीख निघाली. साहेब दारात आले, म्हनले मावशी, या वेळी बहुतेक होतंय तुमचं काम, मोठ्या सुनावणीला या, सगळ्यात वर तुमचं नाव आहे. मी म्हनलं, झालं तर? ते म्हनले, झालं की जागा उपलब्ध. मग रहिवासी भागातली सगळी मशीनं हलवावीच लागतील, मग मला डोळेझाक करता येणार नाही. आवो, ऐकलंत का? इतकी वर्षं मी काय मागत हुते? माझं कांडप बंद करा, हेच मागत हुते की मी! आन तेही सही करून.

बशीरला सांगितलं, म्हनलं बाबा, मी आता नको म्हननार. तो म्हनला, मौसी, तुमचं गिऱ्हाईक पायी येतं, माझं लोखंड टेम्पोनं येतं. मला तिकडं विजेची मोठी लाईन मिळंल, पोरगा हाताशी आलाय, त्याला काय ह्याच बोळात ठेवू? तुमचं पैलं नाव, तुमीच फिरलात तर आमचं कोन ऐकनार? आन गेला. त्या दिसापासनं बोलना. ईदला शीरखुर्मा आला न्हाई घरी, पैल्यांदा.

सुनावनीला हॉल खचाखच. माळावरचे शेतकरी एका बाजूला, प्लॉटवाले एका बाजूला, आमी धंदेवाले मागं. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आन जे मनात हुतं ते सगळं सांगितलं. म्हनलं साहेब, वेल्डिंगला द्या, फर्निचरला द्या, पत्रावळीला द्या, पर कांडप हा काय कारखाना न्हाई, ते बायांच्या पायाला पोचंल तिथंच पायजे, गिरनी गल्लीत चालती तसं. एवढं एक वेगळं लिवा. सुनावनीचे मोठे साहेब चांगलं बोलले, ऐकून घेतलं, मग म्हनले मावशी, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण कांडपाचा विषय आज नाही. आजचा विषय पट्टा. बाजूनं की विरोधात, एवढंच सांगा.

एवढंच! जल्माचं सांगितलं, आन म्हनत्यात एवढंच सांगा.

मी मागं बघितलं. बशीर टोपी हातात घेऊन खाली बघत हुता. त्याचं पोरगं माझ्याकडं बघत हुतं. आन सरांच्या बाई आलेल्या, रिक्षा करून, तो दम्याचा पंप मुठीत धरून, मान हलवत हुत्या, नको म्हन, नको म्हन. ज्यांना माझ्या मिरचीनं श्वास घेता येईना त्या म्हनत्यात नको म्हन. लई राग आला मला. समद्यांचा आला. साहेबाचा, ह्यांचा, बाईंचा, माझा सोताचा. आन त्याच रागात म्हनले, बाजूनं. लिवा, मंदाबाई बाजूनं. आन बसले.

हे म्हनले, बरं केलंस. मी म्हनलं काय बरं केलं? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. हे म्हनले, बघू. त्या ह्यांच्या बघूला मी एक दिवस त्याच मुसळाखाली घालनार हाय बघा.

बाहेर बशीर आला, वाकून पाया पडला. मी म्हनलं ऊठ, आता तुझ्या शेडात एक कोपरा ठेव मला, बसून तुझ्या ठिनग्या मोजते. हसला तो, पर डोळे भरले त्याचे. आन सर आले मागनं, घसा साफ करत, म्हणाले मंदाबाई, मी वेगळा अर्ज लिहितो, कांडपापुरती गल्लीत सवलत द्या म्हणून. मी म्हनलं आधी काढा म्हनून अर्ज, मग ठेवा म्हनून अर्ज, सर, तुमच्या शाईला काय धरबंध हाय का न्हाई? ते म्हणाले, ही माहेरी जाईन म्हणते. ह्या वयात! पर लिवला त्यांनी. खालच्या सह्या गल्लीतल्या बायांच्या, आन त्यात पैली बाईंची.

आता दोन्ही कागद वर गेलेत. पट्ट्याचा म्हनत्यात नक्की होनार, आमच्या अर्जाचं कोन काय सांगंना. झालं तर झालं, न्हाई तर मशीन भंगारात, आन मी ह्यांच्याशेजारी पत्र्याकडं बघत. बशीरच्या पोराचं भलं होऊ दे, त्याच्यावर माझा राग न्हाई. बाईंना मोकळा श्वास मिळू दे, तेही खरंच म्हनते. पर तुमी एवढं लिवून घेतलं, तर एक करा. घरी जाऊन तुमच्या बाईंना सांगा, मिरच्या वाळल्या असतील तर ह्याच आठवड्यात घेऊन या म्हनावं. पुढच्या आठवड्याचं मला काय सांगता येत न्हाई. आन सोता या म्हनावं, पिशवी पाठवू नका. पाट हाय माझ्याकडं, बसायला देते.