प्रॉम्प्टरबाई आणि उकाड्याचं बेट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या नाट्यगृहाच्या संचालक स्मारांदाबाई, वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय महापौर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे जुने-नवे सहकारी, आणि ज्यांच्या जिवावर आम्ही स्वतःला नट म्हणवून घेतलं ते रसिक प्रेक्षकहो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. म्हाताऱ्या नटाच्या हाती माईक द्यायचा आणि वर थोडक्यात बोला म्हणायचं, ही स्मारांदाबाईंची विनोदबुद्धी. असो.

आज आपण वेतुरियाबाईंना निरोप देतोय. बाई या रंगमंचाच्या प्रॉम्प्टर, नट वाक्य विसरला की खालून हळूच सांगणाऱ्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ती खुराड्यासारखी पेटी दिसते ना, तिच्यात बाईंचं आयुष्य गेलं. तोंड आमच्याकडे आणि पाठ तुमच्याकडे. आमचे पडलेले चेहरे त्यांनी रोज पाहिले, पण तुम्हाला कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. हे ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

मी ‘ते दिवस’ म्हटलं की आमची तरुण मंडळी चिडतात. परवा एकानं विचारलं, “एफ्तिमीकाका, तुम्हाला काय तो माणूस परत हवाय?” अरे बाबा, तो माणूस कशाला हवाय मला! त्या हुकूमशहाची तसबीर खाली दारात टांगलेली असायची आणि तिच्याकडे बघतसुद्धा आम्ही जपून बघायचो, फार वेळ नको आणि फार कमी वेळही नको. मला आठवण येते ती या सभागृहाची. पावासाठी दिवसभर रांगेत उभे राहिलेले लोक संध्याकाळी इथे येऊन बसत. का येत असतील? इथे काय ऊब होती? छे! शेगड्या बंद, बाहेर बर्फ, आत बर्फ नाही एवढाच फरक. लोक ओव्हरकोट, टोप्या, लोकरीचे हातमोजे घालून नाटक बघत. आणि टाळ्या? हातमोज्यांतल्या टाळ्या ऐकल्यात कधी? कुणीतरी लांब अंगणात गादी झटकतंय असं वाटायचं. नटाला त्यावर भागवावं लागे. हिवाळ्यामागून हिवाळे आम्ही भागवलं.

तर त्या काळात आमच्या लेओन्तिननं एक नाटक लिहिलं. लेओन्तिन गावातल्या शाळेत मास्तर, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. नाटक एका हुकूमशहाचं. आता हुकूमशहावर लिहायचं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून गड्यानं शक्कल लढवली. आपल्याकडे बर्फ पडतं ना, मग राज्य असं निवडायचं की जिथे बर्फ नाहीच! भर समुद्रातलं एक तापलेलं बेट, तिथे घामाघूम प्रजा, आणि राजा सांगतोय की सूर्य माझ्या हुकमानं तापतो. मला म्हणाला, “एफ्तिमी, आता कुणाची हिंमत आहे हे आपलं राज्य म्हणायची?” ती भूमिका अर्थातच मला मिळाली. माझं नाक तसं राजबिंडं आहे, इथून दिसत असेल.

जुलैत नाटकं तपासणाऱ्या सरकारी समितीसमोर तालीम झाली. समितीचे प्रमुख कॉम्रेड दुमित्राश रुमालानं मान पुसत बसले होते. उन्हानं सभागृहाची भट्टी झालेली, त्यामुळे उकाड्याचं प्रत्येक वाक्य त्यांना पटत गेलं. शेरा दिला, “परदेशी जुलमी राजवटींवर जळजळीत टीका.” शिक्का बसला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, आलुबुखारची दारू, त्सुईका प्यायलो. आणि पहिल्या प्रयोगाची तारीख कधीची मिळाली? जानेवारीतली!

कुणाच्याही डोक्यात आलं नाही हो. इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही नाही.

पडदा वर गेला. मी सिंहासनावर, अंगात सुती झगा, पायांत चपला. समोर तुम्ही सगळे अस्वलांसारखे बसलेले. मी हात पसरले आणि गरजलो, “काय हा उकाडा! आणि हा उकाडा तुम्हाला मी दिला आहे!” तोंडातून ही एवढी वाफ बाहेर पडली. मग मागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. लगेच सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेतल्या दुमित्राशांच्या केसाळ टोपीवर.

माझी बोबडी वळली. पुढचं वाक्य होतं “वारा घाला मला!” म्हणायचं कसं? विंगेत लेओन्तिन भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. त्याची बायको त्याच क्षणी उठून घरी गेली आणि त्याच्यासाठी लोकरी कपड्यांची पिशवी भरून बसली. न्यायला आले तर हाताशी असावी म्हणून. मी पेटीकडे पाहिलं. म्हटलं बाई, दोन पानं गाळा, काहीतरी बिनधोक द्या!

पेटीतून आवाज आला, “वारा घाला.” मी मान हलवली. पुन्हा आवाज, जरा चढा, “वारा घाला, एफ्तिमी. लिहिलंय ते बोल.”

बोललो. दोन उघडे सेवक अंगावर काटा फुललेला असताना मला पंख्यानं वारा घालू लागले, आणि सभागृह फुटलं! लोक रडेपर्यंत हसले.

मध्यंतरात दुमित्राश तरातरा आत आले. “लोक हसले कशाला?”

आम्ही सगळे जमिनीकडे बघतोय. बाई शालीत हात खुपसून शांतपणे म्हणाल्या, “उकाड्याला हसले, कॉम्रेड.”

“उकाड्यात हसण्यासारखं काय आहे?”

“काहीच नाही. सभागृहात थंडी असती तर गोष्ट वेगळी. थंडी आहे का?”

आता आली का पंचाईत! जिल्ह्यातल्या सगळ्या सार्वजनिक इमारती व्यवस्थित गरम आहेत, हे हिवाळ्याच्या तोंडी वर्तमानपत्रात जाहीर कुणी केलं होतं? त्यांनीच. स्वतःच्या सहीनं.

“मुळीच थंडी नाही,” दुमित्राश म्हणाले. दात वाजत होते बिचाऱ्यांचे.

“मग लोक कोट घालून बसलेत म्हणून गैरसमज होतोय,” बाई म्हणाल्या.

आणि सूचना झाली! सभागृह उबदार असल्यामुळे प्रेक्षकांनी कोट, टोप्या व हातमोजे काढून बसावं. पहिला कोट त्यांनी स्वतः काढला. मग रांगांमागून रांगांनी काढले. दुसरा अंक मी कुडकुडत केला आणि तुम्ही कुडकुडत पाहिलात. लेओन्तिन म्हणायचा, “मी कितीही वेडेपणा कल्पनेनं रचला, तरी दुसऱ्या दिवशी खऱ्यात त्याच्या वरताण निघतो.” त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहावी लागली नाही.

नाटक संपलं. आणि मंडळी, टाळ्या पडल्या. उघड्या हातांच्या टाळ्या! हुकूम झाला होता ना, हातमोजे काढा म्हणून! कडाड कडाड वाजत राहिल्या, थांबेचनात. मी खाली पाहिलं तर बाई पेटीत संहितेवर डोकं टेकून हमसून हमसून रडत होत्या. किती हिवाळ्यांनंतर त्यांना तुम्ही ऐकू आला होतात.

दुसऱ्या दिवशी नाटक ‘तांत्रिक कारणानं’ बंद झालं. लेओन्तिनला तुरुंग झाला नाही, कारण कशाबद्दल ते कागदावर लिहायला कुणी धजेना. त्याला दूरच्या खेड्यात धाडलं. शिक्षा बाईंनाही झाली. त्यांना खाली कोट ठेवायच्या खिडकीवर बसवलं, जिथे हिवाळ्यात कुणी कोट ठेवायला येतच नसे. रिकाम्या खुंट्या राखत बसल्या त्या, ती दारातली तसबीर उतरेपर्यंत. मग पुन्हा पेटीत. मी कितीदा विचारलं, “बाई, ते कोट-हातमोज्यांचं मुद्दाम केलंत ना?” प्रत्येक वेळी एकच उत्तर, “एफ्तिमी, तुझे पाठांतराचे वांधे आहेत, तिकडे बघ.” बाई, तुमच्याशिवाय त्या रिकाम्या पेटीकडे बघून उभं राहायचं कसं, हे मला खरंच कळत नाही.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण इतका वेळ सोसलंत, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही राहिलं असेल, काही अधिक-उणं गेलं असेल, तर पोटात घाला. आज मला सांगायला पेटीत कुणी नव्हतं.

आणि एक विनंती. बाहेर बर्फ पडतंय, तुमचे हातमोजे खिशांत आहेत, ते घालायची घाई करू नका. बाई आज पहिल्यांदाच तुमच्याकडे तोंड करून बसल्या आहेत. आधी त्यांना ऐकू येऊ द्या.