रुमालाखालची बोटं

प्रज्ञेश : लॅपटॉपला फॉरमॅट मारला तर अर्ध्या घंट्यात सुरू करून देतो, मावशी. पण काकांचं आतलं सगळं जाईल.

करुणा : वारंगा फाट्याचा दुकानदार बी तेच म्हणला. म्हणून तर हिंगोलीला आले. ह्यांना जाऊन दीड वरीस झालं. ह्यांचा आवाज फक्त ह्याच्यातच हाय.

प्रज्ञेश : बॅटरी मेलेली, त्यात अपडेट चालू असताना लाइट गेली, एवढंच बिघडलंय. ते नीट होईल. पण काकांनी अख्ख्या डिस्कला कुलूप घातलंय. पासवर्डशिवाय आत पाय ठेवता येत न्हाई.

करुणा : सांगितला ना. येलदरी.

प्रज्ञेश : चार प्रकारानं टाकून पाहिला. इथं इंग्रजीच चालते.

करुणा : इंग्रजी? इंग्रजीत ह्यांचं एकच बोट चालायचं. आमची साक्षी हसायची, म्हणायची पप्पा कोंबडीवानी टिपतात.

प्रज्ञेश : मग काय टाकलं असल?

करुणा : मराठी टायपिंगच्या मशीनवर बोटं जिथं पडायची, तिथंच पडली असतील. कळेवर काय छापलंय ते कोण पाहते?

प्रज्ञेश : मला न्हाई येत मराठी मशीन.

करुणा : मला येते. अठ्ठ्याऐंशी साली, स्टेशनाजवळच्या क्लासात. खाली पाहू नये म्हणून मास्तर हातावर रुमाल टाकायचे. हे बाजूच्या मशीनवर. ह्यांची रिबन रोज अडकायची अन् मीच सोडवायची. रोज कुठं अडकती का रिबन? क्लास बुडवून येलदरीचं धरण पाहायला गेलो, तवा कबूल केलं.

प्रज्ञेश : हा घ्या रुमाल. धुतलेला हाय.

करुणा : बोटांना याद असल का, काय की.

[कळांचा आवाज. थांबतो.]

प्रज्ञेश : न्हाई घेतला.

करुणा : तू टक लावून पाहून राहिला. तिकडं तोंड कर.

प्रज्ञेश : केलं.

करुणा : ये… ल… द… [पुन्हा कळांचा आवाज.]

करुणा : आता बघ.

प्रज्ञेश : उघडलं, मावशी.

[करुणा रुमालाची घडी घालते.]

प्रज्ञेश : पाणी देऊ?

करुणा : आधी आवाज काढून घे. दुरुस्ती मागून.

प्रज्ञेश : तेच करून राहिलो. ही पहिली फाइल. लावू का?

करुणा : थोडीशीच.

रवींद्र (लॅपटॉपमधून) : करुणा, चालू झालं का गं हे? बघ बरं.

करुणा : झालं. बोला तुमी.