पुण्याच्या पाहुण्याला हिंगोली दाखवली

आमच्या ताईला बघायला पुण्याचा पोरगा आला होता, तेव्हाचं सांगतो. पोहे झाले, चहा झाला अन् त्यानं सहज विचारलं, "तुमच्या हिंगोलीत बघण्यासारखं काय आहे?"

आमच्या बाबांनी हे लई मनावर घेतलं. त्याला गाडीवर बसवून आधी हळदीच्या बाजारात नेलं. तिथं तो शिंकून शिंकून बेजार झाला. मग गावाबाहेरच्या टेकडीवर नेऊन एका झाडाखाली बसवलं.

"हं, बघा आता."

"काय बघू?"

"काईच न्हाई. बसून ऱ्हायचं निस्तं."

दोन तास झाले तरी दोघं येईनात, म्हणून मी गेलो. पाहुणा गाढ झोपला होता अन् बाबा रुमालानं त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलून राहिले होते.

घरी येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला स्थळ पसंत आहे. वर्षभरात इतकी झोप लागली नव्हती. लग्नानंतर नोकरी सोडून मी इथंच राहीन."

ताईनं तिथल्या तिथं नकार दिला.

बाबा हादरले. "काहून गं? चांगला हाय की पोरगा!"

"हिंगोली मी बघितली, बाबा," ताई म्हणाली. "मला पुणं बघायचं होतं."